खजुराच्या बागेतला जपानी डबा

एसीवाल्या माणसाला फट दिसली की त्याचे हात शिवशिवतात. दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीतली फट, भिंतीतून पाइप जातो तिथली बोटभर फट. सौदीत सव्वीस वर्षं मी हेच काम करत आलो आहे. आधी थंड हवा तयार करायची, आणि मग ती पळून जाऊ नये म्हणून सिलिकॉनची बंदूक घेऊन घरभर फिरायचं. रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातून इथे आलो तेव्हा एसी उघडल्यावर आत काय असतं तेही मला ठाऊक नव्हतं. आता हुफूफमध्ये माझ्या हाताखाली चार माणसं आहेत, आणि मी बंद केलेल्या खोलीत धुळीचं वादळसुद्धा शिरत नाही असा माझा लौकिक आहे. हा लौकिक बहुतेक मीच सांगत फिरतो, पण खोटा नाही.

याच लौकिकापायी मी एका माणसाची खिडकी बंद करून टाकली.

तो माणूस म्हणजे माझा कफील. ज्याच्या जबाबदारीवर माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, चालतो, तो मालक. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने किरकोळ, आवाज मात्र मशिदीच्या भोंग्यासारखा. मी त्याला बाबा म्हणतो. इथे सगळेच कामगार म्हणतात. तो मला मुहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनिअर. मी इंजिनिअर नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतो. आमची बोली अर्धी अरबी, पाव हिंदी आणि उरलेली हातवाऱ्यांची. इथे ती मी मराठीत उतरवतो आहे, एवढंच.

बाबा तरुणपणी जपानला शिकायला होता. चार वर्षं रोज सकाळी एकाच मार्गावरच्या लोकल गाडीने कॉलेजला जायचा. पुढे इकडे परत आला, धंदा केला, लग्न केलं, मुलं झाली, पण त्या गाडीचं वेड काही गेलं नाही. नारिंगी रंगाची, प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं, लांबच लांब बाकं, वर पंखे आणि धरायला लोंबत्या कड्या. त्या गाड्या शहरातून कधीच निवृत्त झाल्या. बरेचसे डबे भंगारात गेले. थोडे एका डोंगराळ भागातल्या छोट्या लाइनने नेले आणि तिथे ते पुढे कितीतरी वर्षं शाळकरी मुलांची आणि म्हाताऱ्यांची ने-आण करत राहिले. मग तिथूनही त्यांना निरोप दिला गेला. बाबाचा कॉलेजातला एक जपानी मित्र अजून त्याला फोन करतो. त्याने कळवलं की गाडीप्रेमींच्या एका मंडळाने दोन डबे जतन करायचं ठरवलंय, पण जागा एकालाच आहे. दुसरा घेणारा मिळाला नाही तर तो तोडतील.

बाबाने तो डबा घेतला. आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला वाटलं, म्हातारा वेडा झाला. दम्मामच्या बंदरातून तो अजस्र ट्रेलरवर आला, क्रेनने उचलला गेला आणि बाबाच्या मजऱ्यात, म्हणजे खजुराच्या बागेत, मुद्दाम टाकलेल्या पंचवीस मीटर रुळांवर उतरला. बागेतल्या शेळ्या दोन दिवस त्या बाजूला फिरकल्या नाहीत.

मी त्याच दिवशी पहिल्यांदा आत शिरलो. बाबा पुढे, मी मागे. तो थेट दुसऱ्या दारापर्यंत गेला, उजवीकडे वळला आणि बाकाच्या टोकाला बसला. जणू काल इथूनच उठून गेला होता.

"ही माझी जागा," तो म्हणाला. "याच डब्यात बसत होतो असं नाही. गाडीला दहा डबे. पण प्रत्येक डब्यात ही जागा माझीच."

मग त्याने मागे वळून खिडकी उघडून दाखवली. काचेच्या चौकटीला दोन टोकांना दोन चापे. दोन्ही हातांच्या चिमटीत ते एकदम दाबायचे आणि काच वर उचलायची. अगदी लोण्यातून सुरी जावी तशी ती वर गेली. "बाकाखाली हीटर असतो," तो म्हणाला. "हिवाळ्यात पोटऱ्या भाजून निघतात. मग मी खिडकी वीतभर उघडायचो. पायाला चटका आणि तोंडाला गार वारा. जन्मात पहिल्यांदा बर्फाची थंडी पाहिली मी तिथे, मुहंदिस. पहिले सहा महिने रडलो. मग ती खिडकी सापडली."

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, काचेला नाक लावून बघत होता. तेव्हाच मला कळलं की त्याला नीट दिसत नाही. साखरेच्या आजाराने उजवा डोळा गेलाच होता. डावाही जाणार होता. रियाधला ऑपरेशन ठरलं होतं, पण डॉक्टरांनी आशा फारशी ठेवू दिली नव्हती. हिवाळ्यापर्यंत थोडंफार दिसेल, असं ते म्हणाले होते.

"थंडी पडली की हीटर लावायचा, ही खिडकी उघडायची आणि बसायचं," बाबा म्हणाला. "दिसतंय तोवर एकदा. बस. डबा आहे तसा ठेव. छताला भोक पाडलंस तर तुझ्या डोक्याला पाडीन."

त्याला काय हवं होतं, ते इतकं साधं होतं. तरी माझ्या हातून ते निसटलं.

ऑगस्टमध्ये तो ऑपरेशनसाठी रियाधला गेला. मागे त्याचा थोरला मुलगा कारभार बघत होता. बघत होता म्हणजे खोबर शहरात बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. त्याचं म्हणणं, वडील परत येतील तेव्हा डबा थंडगार हवा. अठ्ठेचाळीस डिग्रीत लोखंडी डब्यात आजारी माणूस बसणार कसा? मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी वाटच बघत होतो. डबा आल्यापासून त्याच्या फटी मला झोपू देत नव्हत्या. चार दारं इकडे, चार दारं तिकडे, आणि खिडक्याच खिडक्या. चाळीस-पन्नास वर्षांचं रबर. बारीक रेती तर त्यातून पिठासारखी आत गळायची.

मी छताला हात लावला नाही, याचा मला फार अभिमान होता. एसीची यंत्रं डब्याखाली बसवली, थंड हवा डब्याच्या तळातल्या जुन्या झाकणातून वर घेतली. एकही नवीन भोक नाही. आणि मग तीन आठवडे, पहाटे पाच ते नऊ, मी स्वतः सिलिकॉन भरलं. माणसांवर सोडलं नाही. एकूण एक खिडकी, चारी बाजूंनी, आतून आणि बाहेरून, पारदर्शक माल वापरून, बोट फिरवून असं साफ केलं की जवळ जाऊन पाहिलं तरी कळू नये.

खिडक्यांच्या चाप्यांना जपानहूनच दोऱ्याने कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. बोटीने माल येतो तेव्हा असली लेबलं असतातच, असं समजून मी त्या काढल्या आणि बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवून दिल्या. सव्वीस वर्षांत कुठलाही कागद मी फेकलेला नाही, एवढी एक सवय तेव्हा कामी आली. पण ते पुढे.

सप्टेंबरच्या शेवटी बाबा परत आला. हातात काठी होती. डाव्या डोळ्याला धुकं दिसतं आणि धुक्यात माणसं दिसतात, असं म्हणाला. मी दार उघडलं, आतून गार झुळूक आली, तो थबकला. हसला. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. तो कड्यांना हात लावत लावत दुसऱ्या दारापर्यंत गेला, बसला, मागे वळला आणि दोन्ही चिमट्या चाप्यांवर ठेवल्या.

काच हलली नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मग चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं. ज्याला नीट दिसत नाही त्याच्या बोटांना सगळं समजतं. मी केलेली ती सुबक, न दिसणारी रेघ त्याला एका क्षणात सापडली.

"हे कोणी केलं?"

"मी, बाबा. धूळ येत होती. आणि गार हवा..."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने चाप्यांवरून हात काढले. मग म्हणाला, "तू माझा डबा मारलास." ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या भोंग्यासारख्या आवाजात तो इतकं हळू बोललेला मी कधी ऐकला नव्हता. काठी टेकत उतरला आणि निघून गेला.

आता मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी रुसलो. पन्नाशी उलटलेला, तीन मुलांचा बाप, एक नात असलेला माणूस मी, आणि मी सहा आठवडे फुगून बसलो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तीन आठवडे घाम गाळून, छताला न दुखावता केलेल्या कामाची ही किंमत? त्याच्याच मुलाने सांगितलं म्हणून केलं, मला काय त्याचं! बाकीच्या साइटवर काम आहे, असं सांगत मी मजऱ्याकडे फिरकलोच नाही. बाबानेही बोलावलं नाही. त्याचाही पीळ सुटणारा नव्हता.

बायको गावाला असते. रोज संध्याकाळी फोन होतो. एकदा तिने विचारलं, तुमचा कफील कसा आहे, डोळे कसे आहेत? मी सगळी कैफियत मांडली. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती आमच्या खाडीकाठच्या बोलीत एवढंच म्हणाली, "त्याच्या खिडक्या, त्याला उघडायच्या व्हत्या. तुमचां काय जात व्हतां?"

"अगं, धूळ..."

"धूळ त्याच्या नाकात गेली असती. तुमच्या नाही."

मी फोन ठेवला आणि तिच्यावरही दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीत तो चिठ्ठ्यांचा डबा हाताला लागला. फोनचा कॅमेरा धरला की जपानी लिखाणाचं इंग्रजी होतं, हे मला माझ्या हाताखालच्या केरळी मुलाने शिकवलं होतं. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता, हाताने लिहिलेला. खिडकी दोन्ही हातांनी, हळू उघडावी. महिन्यातून एकदा सर्व खिडक्या उघडून बंद कराव्यात, नाहीतर रबर चिकटेल. हे रबर आता कुठेही मिळत नाही. कृपया डब्याला श्वास घेऊ द्यावा.

कुणीतरी बसून एवढ्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून लिहिल्या होत्या. आपली गाडी परक्या मुलखात चाललीय, तिथला माणूस तिला कसा वागवेल या काळजीने. आणि तो तिथला माणूस मी निघालो. मला स्वतःची इतकी चीड आली की मी त्याच दुपारी मजऱ्यात गेलो.

पण केलेलं निस्तरणं सोपं नव्हतं. माझं सील म्हणजे माझं सील. पातळ सुरी घातली तर बोटभर रबर तुटून हातात आलं. मी हात मागे घेतला. सिलिकॉन विरघळवणारं रसायन एका कोपऱ्यात लावून पाहिलं, तर खालचा नारिंगी रंग सुटायला लागला. तेही थांबवलं. त्या खिडकीसमोर मी तासभर नुसता बसलो. आयुष्यात मी फटी भरायला शिकलो होतो, मोकळ्या करायच्या कशा ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

उत्तर शेवटी गावाकडचं निघालं. आमच्याकडे मासे धरायच्या गरीला नायलॉनची बारीक दोरी लावतात, तंगूस म्हणतात तिला. मासा जोराने ओढतो तेव्हा ती तळहाताला सुरीसारखी कापते. माझ्या डाव्या हातावर अजून खूण आहे. उकैरच्या किनाऱ्यावर सौदी लोक हौसेने मासे धरायला जातात, तिथे जाताना वाटेत एका दुकानात मला हवी तशी मिळाली. सुईने ती रबर आणि सिलिकॉनच्या मधून ओवायची, दोन टोकं दोन काड्यांना बांधायची आणि करवतीसारखी मागे-पुढे ओढायची. सिलिकॉन कापलं जातं, रबराला धक्का लागत नाही. मात्र एका बैठकीत चार-सहा इंच. तापली की तंगूस तुटते, मग पुन्हा ओवा.

मी फक्त बाबाच्या जागेची खिडकी घेतली. आतून आणि बाहेरून. रोज उतरत्या दुपारी, असरच्या नमाजेनंतर जायचो आणि उजेड असेपर्यंत ओढत बसायचो. पाचव्या दिवशी बाहेरची एक बाजू मोकळी झाली तेव्हा मी एकटाच हसलो.

त्याच आठवड्यात बाबाचा डावा डोळा गेला. सकाळी उठला तर धुकंसुद्धा नव्हतं. त्याच्या मुलाने मला फोनवर सांगितलं, मी तेव्हा शिडीवर होतो. मी खाली उतरून शिडीच्या पायरीवर बसलो. मी रुसण्यात घालवलेले सहा आठवडे मोजायची गरज नव्हती. ते आपोआप समोर उभे राहिले. थंडी पडायला अजून थोडा वेळ होता हे खरं, पण ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी हीटर न लावता का होईना, त्याने ती खिडकी उघडून डोळ्यांनी बाहेर पाहिलं असतं. ते माझ्यामुळे राहिलं. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मुलाचा नाही, आजाराचा नाही, उन्हाचाही नाही.

तरी मी काम सोडलं नाही. खिडकी पूर्ण मोकळी केली, चापे काढून तेल घातलं, परत बसवले. मग हीटर. मूळच्या तारा आमच्या विजेवर चालेनात, म्हणून त्याच जुन्या पत्र्याच्या जाळीमागे हुफूफच्या बाजारातला नवा हीटर बसवला. दुकानदाराने विचारलं, एसीवाला असून हीटर कशाला? म्हटलं, माझ्या पापाला. त्याला समजलं नाही, पण त्याने भाव कमी केला.

बाबाला आणायचं धाडस मला जानेवारीत झालं. हुफूफला त्या दिवसांत पहाटे सहा-सात डिग्रीपर्यंत थंडी उतरते, खजुराच्या पानांवर दव असतं. पहाटेची, फजरची नमाज झाली आणि मी मशिदीच्या दारात त्याच्यासमोर उभा राहिलो. चारेक महिन्यांत आम्ही धड बोललो नव्हतो.

"बाबा, मी."

"माहीत आहे. तुझ्या चपला वाजतात."

"मजऱ्यात याल? डबा गरम केलाय."

"डबा गरम केलास," तो म्हणाला. "एसीवाल्या, तुला बरं नाही का?" पण त्याने हात पुढे केला. मी तो धरला.

एसी मी बंद करून ठेवला होता. पंखे बंद, दिवे लावलेले, म्हणजे माझ्यासाठी. पायरी चढल्यावर त्याने माझा हात सोडला आणि कड्या चाचपत एकटाच पुढे गेला. प्रत्येक कडी त्याच्या हातून सुटली की मागे झुलत राहायची. दुसऱ्या दारापाशी तो बरोबर वळला आणि बसला. थोड्या वेळाने त्याने पाय पुढेमागे केले आणि पोटऱ्या जाळीजवळ नेल्या.

"भाजतंय," तो म्हणाला.

"कमी करू?"

"चूप."

मग तो मागे वळला. चिमट्या चाप्यांवर गेल्या. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्याने दाबलं आणि काच वर गेली. पूर्वीसारखी लोण्यातून नव्हे, जराशी अडखळत, पण गेली. बाहेरची गार हवा आत आली, तिच्याबरोबर ओल्या मातीचा आणि शेणाचा वास आला. बागेतला पंप कुठेतरी धडधडत होता. बाबाने तोंड त्या वीतभर फटीला लावलं आणि डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती, तरी मिटले. त्याची दाढी वाऱ्याने हलत होती. तो तसाच बसून राहिला. किती वेळ ते मी पाहिलं नाही.

मी समोरच्या बाकावर बसलो होतो. त्याचं तोंड बावीस वर्षांच्या पोरासारखं झालं होतं, आणि ते बघून मला रडू आलं. त्याला दिसत नाही म्हणून मी तोंड फिरवलं नाही, डोळेही पुसले नाहीत. फक्त नाकाने दगा दिला. मी जोरात ओढलं.

बाबाने मान वळवली. "सर्दी झाली तुला," तो म्हणाला. त्याचे हात चाप्यांकडे गेले. "खिडकी लावू का?"

"नको बाबा," मी म्हणालो. "राहू दे उघडी."